रस्त्यात गाडी आडवी लावून कोयता दाखवला, तरी नोंद झाली ती फक्त अदखलपात्र : पुढे काय करता येईल?

प्रश्न : फुलेवाडीची रहिवासी

नमस्कार. गेल्या आठवड्यात संध्याकाळी मी वडिलांना दवाखान्यातून घेऊन कोल्हापुरात रंकाळ्याकडून फुलेवाडीकडे येत होते. समोर उसाची ट्रॉली होती आणि उजवीकडून सलग वाहने येत होती, त्यामुळे मागून हॉर्न वाजवत आलेल्या एका मोटारीला मला वाट देता आली नाही. ट्रॉली वळल्यावर त्या चालकाने आम्हाला मागे टाकले आणि पुढे जाऊन आपली गाडी आमच्यासमोर आडवी लावली. दोन तरुण उतरले. एकाने डिकीतून कोयता काढून आमच्या बॉनेटवर आपटला आणि माझ्या बाजूच्या काचेजवळ येऊन, पुन्हा वाटेत आडवी आलीस तर इथेच तोडीन, अशी धमकी दिली. माझे वडील सत्तरीचे असून हृदयविकाराचे रुग्ण आहेत. ते शेजारच्या सीटवर बसून हे सगळे पाहत होते. मागची वाहने थांबून माणसे जमू लागली, तसे ते दोघे निघून गेले. गाडीचा क्रमांक माझ्याकडे आहे आणि समोरच्या दुकानावर कॅमेराही आहे.

त्याच रात्री आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तेथील अंमलदारांनी सगळे ऐकून घेतले, पण शेवटी हातात ठेवली ती एनसीची, म्हणजे अदखलपात्र नोंदीची प्रत. कोणाला लागलेले नाही, म्हणून हे प्रकरण अदखलपात्र ठरते आणि तुम्ही न्यायालयात दाद मागू शकता, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी घरी एक ओळखीचे गृहस्थ येऊन, पोरे चांगल्या घरातली आहेत, तुम्ही मिटवून घ्या, असे सुचवून गेले. आम्ही कुठे राहतो हे त्या मुलांना इतक्या लवकर समजले, याचीच मला आता अधिक भीती वाटते. याच रस्त्याने माझी मुलगी रोज मोपेडवरून महाविद्यालयात जाते.

रस्त्यात अडवून जिवे मारण्याची धमकी देणे आणि गाडीत हत्यार बाळगणे, या दोन्ही गोष्टी आपल्या कायद्याने खरोखरच इतक्या किरकोळ मानल्या आहेत का? तसे नसेल, तर मी नेमके कोणाकडे काय मागावे?

उत्तर : करवीरमधील एक वकील

ताई, आपल्याला दिलेले उत्तर अर्धे बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्यातच आपला मार्ग आहे.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ प्रमाणे साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत, तर ठार मारण्याच्या किंवा जबर दुखापत करण्याच्या धमकीला सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. सात वर्षे ही शिक्षा किरकोळ नाही. अडचण अशी आहे की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टात हा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र दाखवला आहे, आणि कलम १७४ नुसार अदखलपात्र गुन्ह्याचा तपास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना करता येत नाही. म्हणजे कायद्याने शिक्षा मोठी ठेवली, पण तिच्यापर्यंत जाणारी वाट पहिल्याच पायरीवर बंद केली. जुन्या भारतीय दंड संहितेतील कलम ५०६ ची स्थिती अशीच होती. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले, तेव्हा ही त्रुटी दूर करण्याची संधी होती. ती घेतली गेली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

परंतु आपल्या बाबतीत घडलेला प्रकार केवळ धमकीचा नाही. गाडी आडवी लावून आपल्याला पुढे जाऊ न देणे हा न्याय संहितेच्या कलम १२६ खालील गैरनिरोध आहे. त्याची शिक्षा अगदीच थोडी, म्हणजे एक महिन्यापर्यंत साधा कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड एवढी असली, तरी तो गुन्हा दखलपात्र आहे. कलम १७४ च्याच चौथ्या पोटकलमात म्हटले आहे की एका प्रकरणात अनेक गुन्हे असतील आणि त्यांपैकी एक जरी दखलपात्र असेल, तरी संपूर्ण प्रकरण दखलपात्र मानावे. त्यामुळे या लहानशा कलमाचा आधार घेऊन पोलिसांना त्या मोठ्या कलमाचाही तपास करता येतो. एनसीची प्रत काढून पाहा. त्यात बहुधा ‘शिवीगाळ करून धमकी दिली’ एवढेच लिहिलेले असेल. वाट अडवल्याचा आणि कोयत्याचा उल्लेख नसेल, तर ते प्रकरण अदखलपात्रच दिसणार.

म्हणून आता लेखी अर्ज द्या. गाडी कोठे आडवी लावली, आपण मागे किंवा पुढे का जाऊ शकला नाहीत, कोयता कोठून काढला, कोणत्या हातात होता, बॉनेटवर कोठे आपटला आणि धमकीचे शब्द जसेच्या तसे काय होते, हे घडले त्या क्रमाने लिहा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर प्रथम खबर नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केले आहे. ठाण्यात नोंद झाली नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ च्या चौथ्या पोटकलमाखाली पोलीस अधीक्षकांना तोच मजकूर रजिस्टर टपालाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. तेथेही काही झाले नाही, तर कलम १७५ खाली प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. हा क्रम मोडू नका, कारण आधीच्या पायऱ्या चढल्याचा पुरावा न्यायालय मागते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झाले असल्याने त्यापुढची दाद मागण्यासाठी आता मुंबईला जावे लागत नाही. आपल्या प्रकरणात तशी वेळ येऊ नये, असे मात्र वाटते.

वकिलाच्या खर्चाची चिंता असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. १९८७ च्या कायद्यानुसार महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते.

उत्तर : रोजचा प्रवासी, शिरोली ते कागल

वकील साहेबांनी सांगितलेला मार्ग योग्य असेल, पण तो चालून जाईपर्यंत माणूस थकतो. मी कामानिमित्त रोज महामार्गावरून जातो आणि तावडे हॉटेलपासून उजळाईवाडीपर्यंत आरशाला आरसा घासला म्हणून एकमेकांच्या अंगावर धावून जाणारी माणसे पाहतो. त्यांना कशाचीही भीती वाटत नाही, कारण पुढे काही होत नाही हे त्यांनी पाहिलेले असते.

पतियाळ्याचे प्रकरण सर्वांना माहीत आहे. १९८८ च्या डिसेंबरमध्ये गाडी बाजूला घेण्यावरून झालेल्या भांडणात ६५ वर्षांच्या एका गृहस्थांचा मृत्यू झाला. आरोपी नवज्योतसिंग सिद्धू यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये साध्या दुखापतीबद्दल दोषी धरले आणि शिक्षा केली ती एक हजार रुपये दंडाची. पुनर्विलोकन अर्जावर त्यांना एक वर्षाचा सश्रम कारावास झाला तो मे २०२२ मध्ये. जेथे मृत्यूनंतर इतकी वर्षे लागतात, तेथे नुसता कोयता दाखवल्याबद्दल कोण किती दिवस धावपळ करणार? म्हणून मी तरी सीटखाली एक लोखंडी गज ठेवतो आणि ताईंनीही काहीतरी जवळ ठेवावे, असे मला वाटते.

उत्तर : निवृत्त पोलीस कर्मचारी

आपला राग मी समजू शकतो, पण गज ठेवण्याचा सल्ला कृपया कोणालाही देऊ नका. नोकरीच्या काळात अशी भांडणे मी फार जवळून पाहिली आहेत. ज्याच्यावर आधी हल्ला झाला, त्यानेही गज उगारलेला असला की समोरचा माणूस त्याच रात्री आपली फिर्याद घेऊन येतो. दोन परस्परविरोधी गुन्हे दाखल होतात, दोघेही आरोपी ठरतात आणि काही महिन्यांनी दोघांनाही मिटवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. खरा गुंड नेमके हेच इच्छित असतो. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिलेला आहे, मात्र तो आवश्यक तेवढ्याच बळापुरता आहे आणि पोलिसांची मदत घेण्याइतकी सवड असेल तेथे तो मिळत नाही. काचा वर, दारे बंद, ११२ वर फोन आणि गाडीतून खाली न उतरणे, हेच अशा वेळी करावे. ११२ च्या कॉलची वेळेसह नोंद राहते आणि ती पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडते.

ताईंसाठी तातडीची गोष्ट कॅमेऱ्याची आहे. दुकानांतील रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसले जाते आणि त्यावर नवे चढते. त्यामुळे आजच दुकानदारास भेटून ते जपून ठेवण्याची विनंती करा आणि पोलिसांना दिलेल्या अर्जातही त्या कॅमेऱ्याचा उल्लेख करा. आपण स्वतः प्रत घेतली, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते, ते दुकानदाराकडून घ्यावे लागेल. बॉनेटवरील खूण दुरुस्त करून घेऊ नका. पंचनामा होईपर्यंत ती तशीच राहू द्या.

आता कोयत्याविषयी. गुन्हा नोंदल्यानंतर तो जप्त होणे फार महत्त्वाचे असते आणि बहुतेक प्रकरणे तेथेच ढिली पडतात. हत्यार मिळाले नाही, की धमकीचा तेवढा शब्द उरतो आणि त्याला समोरच्याचा नकार असतो. जप्ती पंचनाम्यात पात्याची लांबी व रुंदी मोजून लिहिली पाहिजे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पाते असलेली हत्यारे शस्त्रांच्या यादीत येतात. माप न लिहिता पाठवलेले दोषारोपपत्र न्यायालयात टिकत नाही.

शस्त्र अधिनियम लागू होण्याविषयी वाद झालाच, तर आणखी एक आधार आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात वेळोवेळी बंदी आदेश निघतात आणि सण, निवडणुका, आंदोलने यांच्या काळात ते वृत्तपत्रांतही छापून येतात. शासनाच्या मंजुरीशिवाय असा आदेश पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून घटनेच्या दिवशी तो लागू होता का, हे तारखेनिशी पाहावे लागेल. लागू असेल, तर तलवार, सुरा, भाला, लाठी यांसारखी शारीरिक इजा करू शकणारी वस्तू बाळगणे हाच कलम १३५ खाली गुन्हा ठरतो. त्याला एक वर्षापर्यंत कारावास असून विशेष कारण नोंदवल्याशिवाय तो चार महिन्यांपेक्षा कमी देता येत नाही. गाडीत गज ठेवणाऱ्यांनीही हे कलम एकदा वाचावे.

उत्तर : ऊस उत्पादक शेतकरी, शिरोळ तालुका

कोयत्याची चर्चा निघाली आहे, म्हणून आमची बाजूही मांडतो. हंगाम सुरू झाला की आमच्या भागात प्रत्येक फडावर कोयते असतात. तोडणी कामगारांच्या टोळ्या बाहेरच्या जिल्ह्यांतून येतात, त्यांच्या बैलगाडीत आणि ट्रॅक्टरवर कोयते असतात, आणि आम्ही स्वतः दुचाकीच्या मागे कोयता बांधून शेतावर जातो. शेती, घरकाम व उद्योग यांसाठी बनवलेली अवजारे शस्त्रांच्या व्याख्येतून वगळलेली आहेत, ते योग्यच आहे. ती सूट नसती, तर अर्धा जिल्हा आरोपी झाला असता.

पण याच सुटीच्या आडोशाने शहरातली मुले डिकीत कोयता ठेवून फिरतात आणि पकडले गेल्यावर शेतीचे अवजार असल्याचे सांगतात, याची चीड आम्हाला इतरांपेक्षा जास्त येते. ज्याच्या नावावर ऊस नाही, ज्याच्या डिकीत चिपाडाचा तुकडा सापडणार नाही आणि ज्याचे पाते तोडणीने झिजलेले नसून नुकतीच धार लावलेले आहे, त्याने रात्री रंकाळ्यावर कोयता कशासाठी बाळगला, हे विचारण्याचा अधिकार पोलिसांना असलाच पाहिजे. त्याच वेळी फडावरून परतणाऱ्या कामगाराला नाक्यावर अडवून त्रास होऊ नये. असा फरक करणारा कायदा करता येणार नाही का?

उत्तर : करवीरमधील एक वकील

काका, आपण अगदी मर्मावर बोट ठेवले आहे. ब्रिटनमध्ये १९५३ च्या कायद्याने हा फरक केलेला आहे. जी वस्तू इजा करण्यासाठीच बनवलेली किंवा तशी बदललेली आहे, ती सार्वजनिक ठिकाणी बाळगणे गुन्हा आहेच, पण साधी वस्तूसुद्धा इजा करण्याच्या उद्देशाने जवळ ठेवलेली असेल, तर तीही त्याच व्याख्येत येते आणि शिक्षा चार वर्षांपर्यंत आहे. रास्त कारण दाखवणाऱ्यास मात्र सूट मिळते. तेथे वस्तूच्या आकाराबरोबर ती बाळगणाऱ्याचा हेतूही तपासला जातो. आपल्याकडे पाते कशासाठी बनवले होते हे पाहिले जाते, आणि ते आता कशासाठी बाळगले आहे हा प्रश्न मागे राहतो. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही दुरुस्ती आग्रहाने मागायला हवी, कारण तिच्यामुळे शेतकऱ्याला संरक्षण मिळेल आणि गुंडाला पळवाट उरणार नाही.

तोपर्यंत ताईंच्या प्रकरणात असे म्हणता येईल की कोयता उगारून धमकी दिली, त्याच क्षणी त्या दोघांनी तो शेतीसाठी ठेवल्याचा दावा स्वतःच खोटा ठरवला. हे वाक्य अर्जात जरूर घाला.

आणखी दोन मागण्या करता येतील. पहिली चॅप्टर केसची. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली कार्यकारी दंडाधिकारी अशा व्यक्तींकडून एक वर्षापर्यंत शांतता राखण्याचे बंधपत्र घेऊ शकतात. त्यांनी आपल्या घरचा पत्ता शोधून काढला आणि मध्यस्थ पाठवला, हे त्या अर्जात ठळकपणे यावे. मध्यस्थाला उत्तर देताना धमकी किंवा वाद नको, पण तो कधी आला आणि काय म्हणाला, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. त्या मुलांवर पूर्वीचे असेच गुन्हे असतील, तर तडीपारीचा प्रस्तावही होऊ शकतो. मात्र एका घटनेवरून त्याची अपेक्षा धरू नका.

दुसरी मागणी वाहन परवान्याची आहे आणि माझ्या मते रस्त्यावरच्या दहशतीवर तोच सर्वांत परिणामकारक उपाय असूनही तो वापरलाच जात नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे दखलपात्र गुन्हा करण्यासाठी वाहनाचा वापर केलेल्या व्यक्तीचा चालक परवाना, तिचे म्हणणे ऐकून घेऊन, ठरावीक काळासाठी निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार परवाना प्राधिकाऱ्यास आहे. आपल्यासमोर गाडी आडवी लावली, म्हणजे गुन्ह्याचे साधन ती गाडीच होती. गुन्हा नोंदल्यावर त्याच्या प्रतीसह प्रादेशिक परिवहन कार्यालयात अर्ज द्या आणि कलमाचा उल्लेख करून सुनावणीची मागणी करा. धोकादायक रीतीने वाहन चालवल्याबद्दल कलम १८४ ही लागू शकते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात पहिल्या गुन्ह्यास सहा महिने ते एक वर्ष कारावास किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड आहे. प्रत्यक्षात अशा प्रकरणांत बहुधा दंडावरच भागते, म्हणून परवान्याची मागणी सोडू नका. पाच हजार रुपये वडील भरतात, पण सहा महिने गाडी चालवता आली नाही, तर ते त्या मुलाला रोज जाणवते.

एक पूर्वसूचना देऊन ठेवतो. गुन्हा नोंदला गेला, तरी सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक आपोआप होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निर्णयानंतर बहुतेक वेळा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खालील नोटीस देऊन आरोपीला बोलावले जाते. तो मुलगा संध्याकाळी चौकात उभा दिसला, तर प्रकरण संपले असे समजून मागे हटू नका. तपासाची प्रगती फिर्यादीला ९० दिवसांत कळवणे आता पोलिसांवर बंधनकारक आहे. तेवढी मुदत संपली की लेखी विचारणा करा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : फुलेवाडीची रहिवासी

सर्वांचे मनापासून आभार. एनसीची प्रत पाहिली. वकील साहेबांनी म्हटल्याप्रमाणे त्यात वाट अडवल्याचा उल्लेख नाही आणि कोयत्याचाही नाही. दुकानदारांनी रेकॉर्डिंग जपून ठेवण्याचे मान्य केले आहे. अर्ज उद्या देत आहे. एकच शंका उरते. वडील हे सर्वांत महत्त्वाचे साक्षीदार आहेत, पण ठाण्यात जाऊन बसणे त्यांच्या प्रकृतीला झेपणार नाही आणि त्यांना नेण्याची माझीही हिंमत होत नाही.

उत्तर : निवृत्त पोलीस कर्मचारी

त्यांना नेण्याची गरज नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे साठ वर्षांवरील पुरुषाला, कोणत्याही महिलेला आणि गंभीर आजारी व्यक्तीला साक्षीसाठी राहत्या घराव्यतिरिक्त अन्यत्र बोलावता येत नाही. तपासी अंमलदारांनी घरी येऊन जबाब घ्यावा, असे अर्जाच्या शेवटी लिहा, वडिलांच्या वयाचा पुरावा आणि डॉक्टरांचा कागद सोबत जोडा. आपला जबाबही घरीच घ्यावा, असे आपल्याला सांगता येते. अर्जाच्या दोन प्रती काढा आणि एका प्रतीवर ठाण्याचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घेतल्याशिवाय तेथून उठू नका.